अवकाश मोहिमा आणि माध्यमिक शाळांतील विज्ञान शिक्षण

२३ ऑगस्ट २०२३ रोजी सायंकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चांद्रयान-३ मोहिमेतील ‘विक्रम’ हे लँडर चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात अलगद उतरले. हा प्रसंग पाहण्यासाठी देशभरातील अनेक शाळा त्या दिवशी सायंकाळी उघड्या ठेवण्यात आल्या होत्या. भारतीय अवकाश संशोधन संस्थेच्या, म्हणजेच इस्रोच्या थेट प्रक्षेपणाला इंटरनेटवर एकाच वेळी ८० लाखांहून अधिक प्रेक्षक लाभले. त्यानंतर केंद्र सरकारने २३ ऑगस्ट हा दिवस राष्ट्रीय अवकाश दिन म्हणून घोषित केला आणि २०२४ पासून तो साजरा होऊ लागला.

या यशामुळे विद्यार्थ्यांमध्ये निर्माण झालेले कुतूहल सर्वत्र दिसून आले. मात्र हे कुतूहल विज्ञानाच्या तासापर्यंत पोहोचते का, हा प्रश्न शिक्षणाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. मोहिमेचे नाव, प्रक्षेपणाची तारीख आणि यानाचे वजन पाठ करणे म्हणजे विज्ञान शिकणे नव्हे. त्याच मोहिमेतील आकडे हाती घेऊन विद्यार्थ्याने स्वतः गणित मांडले, अंदाज बांधला आणि तो पडताळून पाहिला, तर मात्र गुरुत्वाकर्षण, उष्णता, प्रकाश आणि गती यांसारखे विषय त्याच्यासाठी जिवंत होतात.

पार्श्वभूमी

भारतात अवकाश कार्यक्रम आणि शिक्षण यांचे नाते जुने आहे. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळमधील थुंबा येथून पहिला छोटा अग्निबाण सोडण्यात आला. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९६६ मध्ये, या कार्यक्रमाचे प्रणेते डॉ. विक्रम साराभाई यांनी अहमदाबाद येथे सामुदायिक विज्ञान केंद्राची स्थापना केली. विद्यार्थी आणि शिक्षक यांना स्वतःच्या हातांनी प्रयोग करता यावेत, हा या केंद्राचा हेतू होता. साराभाई यांच्या निधनानंतर केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले.

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरचित्रवाणीचा प्रयोग राबविण्यात आला. ‘साइट’ या संक्षिप्त नावाने तो ओळखला जातो. अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांमध्ये कार्यक्रम दाखविण्यात आले. त्यांत सकाळच्या वेळी शालेय मुलांसाठी विज्ञानाचे कार्यक्रम असत. हजारो प्राथमिक शिक्षकांना याच माध्यमातून विज्ञान विषयाचे प्रशिक्षण देण्यात आले. पुढे २० सप्टेंबर २००४ रोजी केवळ शिक्षणासाठी समर्पित असा ‘एज्युसॅट’ हा उपग्रह श्रीहरिकोटा येथून सोडण्यात आला. त्याची सेवा २०१० पर्यंत सुरू होती.

या दोन्ही उपक्रमांत उपग्रह हा धडा पोहोचविणारा वाहक होता. उपग्रह आकाशात कसा राहतो, तो खाली का पडत नाही, त्याच्याशी संपर्क कसा साधला जातो, हे प्रश्न धड्याचा विषय होण्यासाठी आणखी काही काळ जावा लागला. आता अनेक राज्यांच्या पाठ्यपुस्तकांत हे विषय समाविष्ट झाले आहेत. महाराष्ट्रात २०१८ मध्ये लागू झालेल्या दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या पहिल्या भागात गुरुत्वाकर्षणाने सुरुवात होते आणि शेवटचे प्रकरण अवकाश मोहिमांवर आहे. मुक्तिवेग आणि कृत्रिम उपग्रहाचा कक्षेतील वेग यांची सूत्रे विद्यार्थी तेथे शिकतात.

पाठ्यक्रमातील संकल्पना आणि मोहिमांतील उदाहरणे

वस्तुमान आणि वजन यांतील फरक हा माध्यमिक स्तरावर गोंधळ निर्माण करणारा विषय आहे. चांद्रयान-३ मधील ‘प्रज्ञान’ या रोव्हरचे वस्तुमान २६ किलोग्रॅम होते. पृथ्वीवर त्याचे वजन सुमारे २५५ न्यूटन भरते. चंद्रावरील गुरुत्व त्वरण १.६२ मीटर प्रति सेकंद वर्ग असल्याने तेथे तेच वजन सुमारे ४२ न्यूटन होते. वस्तुमान मात्र दोन्हीकडे २६ किलोग्रॅमच राहते. काल्पनिक वस्तूपेक्षा प्रत्यक्ष चंद्रावर फिरलेल्या यानाचे हे उदाहरण विद्यार्थ्यांच्या लक्षात राहते.

मुक्तपतनासाठी अपोलो-१५ मोहिमेतील प्रयोग प्रसिद्ध आहे. २ ऑगस्ट १९७१ रोजी अंतराळवीर डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर एक हातोडी आणि ससाण्याचे एक पीस एकाच वेळी हातातून सोडले. हवेचा अडथळा नसल्याने दोन्ही वस्तू एकाच वेळी जमिनीवर पडल्या. या प्रसंगाचे चित्रीकरण आजही उपलब्ध आहे. दीड मीटर उंचीवरून सोडलेली वस्तू पृथ्वीवर सुमारे ०.५५ सेकंदात, तर चंद्रावर सुमारे १.३६ सेकंदांत खाली येते, हे नववीचा विद्यार्थी गतीच्या समीकरणावरून काढू शकतो आणि चित्रीकरण पाहून पडताळू शकतो.

अंतराळ स्थानकात गुरुत्वाकर्षण नसते, हा सर्वांत रूढ गैरसमज आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक पृथ्वीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फिरते. तेथे गुरुत्व त्वरण सुमारे ८.७ मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे पृथ्वीच्या पृष्ठभागावरील मूल्याच्या सुमारे ८९ टक्के असते. अंतराळवीर तरंगतात, कारण स्थानक आणि त्यातील सर्व वस्तू एकत्रितपणे सतत पृथ्वीकडे पडत असतात. सेकंदाला सुमारे ७.७ किलोमीटर या आडव्या वेगामुळे हे पडणे पृथ्वीला वळसा घालते आणि स्थानक सुमारे दीड तासात एक प्रदक्षिणा पूर्ण करते.

उष्णतेच्या वहनासाठी चांद्रयान-३ ने उत्तम सामग्री उपलब्ध करून दिली आहे. लँडरवरील ‘चास्ते’ या उपकरणाने चंद्राच्या मातीत दहा संवेदक असलेली सळई खुपसून तापमान मोजले. पृष्ठभागाजवळ सुमारे ५० अंश सेल्सिअस तापमान असताना अवघ्या ८ सेंटिमीटर खोलीवर ते उणे १० अंशांच्या आसपास होते. इस्रोने या नोंदींचा आलेख प्रसिद्ध केला. दर सेंटिमीटरला सरासरी साडेसात अंशांची ही घट काय सांगते, असे विचारल्यास चंद्राची माती उष्णतेची दुर्वाहक आहे, या निष्कर्षापर्यंत विद्यार्थी स्वतः पोहोचतात.

रसायनशास्त्रातही असेच उदाहरण मिळते. ‘प्रज्ञान’वरील लेझर उपकरणाने मातीवर प्रकाशाचा तीव्र झोत टाकला आणि निर्माण झालेल्या तप्त वायूच्या वर्णपटावरून तेथे गंधक असल्याचे निश्चित केले. शाळेच्या प्रयोगशाळेतील ज्योत परीक्षेत मीठ ज्योतीत धरल्यावर पिवळा रंग दिसतो. त्यामागील तत्त्व हेच आहे. प्रत्येक मूलद्रव्य तापल्यावर आपल्या ठरावीक रंगांचा प्रकाश देते.

प्रकाशाच्या वेगाचे महत्त्व मंगळयान मोहिमेवरून कळते. २४ सप्टेंबर २०१४ रोजी हे यान मंगळाच्या कक्षेत स्थिरावले, तेव्हा पृथ्वी आणि मंगळ यांतील अंतर २१ कोटी किलोमीटरपेक्षा अधिक होते. रेडिओ संदेश पोहोचण्यास सुमारे १२ मिनिटे लागत होती. यानाचे इंजिन सुमारे २४ मिनिटे चालवायचे होते. पृथ्वीवरून काही बिघाड दिसला असता, तरी दुरुस्तीचा संदेश पोहोचेपर्यंत आणि त्याचे उत्तर येईपर्यंत ही वेळ निघून गेली असती. म्हणूनच सर्व आज्ञा यानाच्या संगणकात आधीच साठविण्यात आल्या होत्या. अंतर, वेग आणि काळ यांचे साधे गणित मोहिमेची संपूर्ण रचना कशी ठरविते, हे येथे दिसते.

एका अपयशाचा धडा

विद्यार्थ्यांच्या थेट सहभागाचे एक उदाहरण विशेष उल्लेखनीय आहे. स्वातंत्र्याच्या अमृत महोत्सवानिमित्त देशातील ७५ सरकारी शाळांमधील ७५० विद्यार्थिनींच्या सहभागातून ‘आझादीसॅट’ हा सुमारे ८ किलोग्रॅमचा उपग्रह तयार करण्यात आला. चेन्नई येथील स्पेस किड्झ इंडिया या संस्थेने या कामाचे संयोजन केले. उपग्रहात प्रत्येकी सुमारे ५० ग्रॅम वजनाची ७५ छोटी उपकरणे होती.

७ ऑगस्ट २०२२ रोजी इस्रोच्या एसएसएलव्ही या नव्या प्रक्षेपकाच्या पहिल्या उड्डाणातून हा उपग्रह श्रीहरिकोटा येथून सोडण्यात आला. प्रक्षेपकाचे टप्पे क्रमाने प्रज्वलित झाले, परंतु उपग्रह ३५६ किलोमीटर उंचीच्या वर्तुळाकार कक्षेऐवजी ३५६ बाय ७६ किलोमीटरच्या लंबवर्तुळाकार कक्षेत गेला. ७६ किलोमीटर उंचीवर वातावरण विरळ असले, तरी इतक्या प्रचंड वेगाने जाणाऱ्या उपग्रहाला रोखण्यास ते पुरेसे असते. उपग्रह निकामी झाल्याचे त्याच दिवशी जाहीर करण्यात आले.

इस्रोने नंतर या अपयशाचे कारण प्रसिद्ध केले. दुसरा टप्पा विलग होताना बसलेल्या हादऱ्यांमुळे त्वरण मोजणाऱ्या संवेदकांची नोंद काही क्षण कमाल मर्यादेला जाऊन भिडली. संवेदक निकामी झाले आहेत, असा चुकीचा निष्कर्ष संगणकाने काढला आणि तो पर्यायी मार्गदर्शन पद्धतीकडे वळला. त्या पद्धतीत आवश्यक वेग गाठता आला नाही.

हा वेग किती कमी पडला असेल, याचा अंदाज दहावीचा विद्यार्थी बांधू शकतो. ३५६ किलोमीटर उंचीवर वर्तुळाकार कक्षेसाठी सेकंदाला सुमारे ७.६९ किलोमीटर वेग लागतो. ज्या कक्षेचा खालचा बिंदू ७६ किलोमीटरवर आहे, तिच्या सर्वांत वरच्या बिंदूवर उपग्रहाचा वेग सुमारे ७.६१ किलोमीटर असतो. पहिले उत्तर पाठ्यपुस्तकातील सूत्राने मिळते. दुसऱ्यासाठी शिक्षकांनी ऊर्जा अक्षय्यतेच्या नियमाचा आधार द्यावा लागतो. दोन्हींतील फरक जेमतेम एक टक्का आहे. परीक्षेत ९९ टक्के गुण उत्तम मानले जातात, परंतु कक्षेच्या गणितात एक टक्क्याची तूट उपग्रह गमावण्यास पुरेशी ठरते.

या घटनेनंतर विलगीकरणाची यंत्रणा आणि संगणकाची निर्णयप्रणाली यांत बदल करण्यात आले. विद्यार्थिनींच्या सहभागातून तयार झालेला ‘आझादीसॅट-२’ हा उपग्रह १० फेब्रुवारी २०२३ रोजी एसएसएलव्हीच्या दुसऱ्या उड्डाणाद्वारे ४५० किलोमीटर उंचीच्या कक्षेत यशस्वीरीत्या सोडण्यात आला. चूक शोधणे, तिचे कारण जाहीर करणे, दुरुस्ती करणे आणि पुन्हा प्रयत्न करणे, ही विज्ञानाची खरी कार्यपद्धती आहे. पाठ्यपुस्तकांतील प्रयोग बहुधा यशस्वीच होतात. त्यामुळे हा अनुभव विद्यार्थ्यांना एरवी मिळत नाही.

अन्य देशांतील प्रयत्न

अंतराळातून थेट धडा देण्याची कल्पना अमेरिकेत रुजली. शाळेत अध्यापन करणाऱ्या क्रिस्टा मॅकऑलिफ यांची त्यासाठी निवड झाली होती. २८ जानेवारी १९८६ रोजी ‘चॅलेंजर’ यानाचा उड्डाणानंतर ७३ सेकंदांत स्फोट झाला आणि सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. त्यांनी आखलेल्या प्रात्यक्षिकांपैकी काही २०१८ मध्ये जो अकाबा आणि रिकी अर्नोल्ड यांनी अंतराळ स्थानकात सादर केली. हे दोघेही पूर्वी शिक्षक होते.

चीनच्या अंतराळवीर वांग यापिंग यांनी २० जून २०१३ रोजी कक्षेतून दिलेला पाठ सहा कोटींहून अधिक विद्यार्थ्यांनी पाहिला. दोरीला बांधलेला गोळा हातातून सोडल्यावर झोके घेत नाही आणि हलका धक्का दिल्यावर वर्तुळात फिरत राहतो, हे त्यांनी दाखविले. लंबकाच्या आंदोलनासाठी गुरुत्वाकर्षणाचा परिणाम जाणवणे आवश्यक असते, हे या प्रात्यक्षिकातून स्पष्ट झाले.

भारताचे ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला २६ जून ते १४ जुलै २०२५ या काळात आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात होते. हौशी रेडिओच्या माध्यमातून त्यांनी भारतातील विद्यार्थ्यांच्या प्रश्नांना उत्तरे दिली. असा संवाद एका वेळी सुमारे दहा मिनिटेच होऊ शकतो, कारण तेवढ्या वेळात स्थानक एका क्षितिजावर उगवून दुसऱ्या क्षितिजाखाली जाते. शुक्ला यांनी केलेल्या प्रयोगांत मूग आणि मेथीच्या बियांना मोड आणण्याचा प्रयोगही होता. हा प्रयोग कोणत्याही शाळेत वाटीभर पाण्यात करता येतो. मूळ खाली आणि कोंब वर का जातो, हा प्रश्न अशा वेळी आपोआप पुढे येतो.

भारतातील प्रमुख उपक्रम

नववीच्या विद्यार्थ्यांसाठी इस्रोने २०१९ मध्ये ‘युविका’ हा निवासी कार्यक्रम सुरू केला. त्यात देशाच्या सर्व राज्यांतून विद्यार्थ्यांची निवड करून त्यांना इस्रोच्या केंद्रांत शास्त्रज्ञांसमवेत प्रशिक्षण दिले जाते. ग्रामीण भागातील विद्यार्थ्यांना निवडीत विशेष गुण दिले जातात. २०१९ मध्ये १११, २०२२ मध्ये १५३ आणि २०२३ मध्ये ३३७ विद्यार्थी सहभागी झाले. अटल नवोन्मेष अभियानांतर्गत २०१६ पासून देशात सुमारे १० हजार अटल टिंकरिंग प्रयोगशाळा उभारण्यात आल्या असून सहावी ते बारावीचे विद्यार्थी तेथे प्रतिकृती आणि उपकरणे तयार करतात.

मुंबईतील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र खगोलशास्त्र ऑलिम्पियाडसाठी भारतीय संघाची निवड आणि तयारी करते. ऑगस्ट २०२५ मध्ये ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा मुंबईत झाली. पुण्यातील आयुका या संस्थेत डॉ. जयंत नारळीकर यांच्या पुढाकाराने मुक्तांगण विज्ञान शोधिका सुरू झाली. तेथे टाकाऊ वस्तूंपासून वैज्ञानिक खेळणी तयार करण्यास शिकविले जाते. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा ‘स्वयम्’ आणि आयआयटी मुंबईचा ‘प्रथम’ हे विद्यार्थ्यांनी घडविलेले उपग्रह २०१६ मध्ये कक्षेत सोडण्यात आले.

सर्वसाधारण शाळेत काय करता येईल

वर उल्लेखिलेल्या उपक्रमांचा लाभ देशातील कोट्यवधी माध्यमिक विद्यार्थ्यांपैकी थोड्यांनाच मिळतो. अनेक शाळांत सुसज्ज प्रयोगशाळा नाही. काही ठिकाणी जीवशास्त्राचे शिक्षक भौतिकशास्त्रही शिकवितात. दहावीच्या परीक्षेचा ताण असल्याने अवकाश मोहिमांचे प्रकरण बहुधा वाचून संपविले जाते. त्यामुळे कमी खर्चाच्या कृतींचे महत्त्व अधिक आहे. मध्य प्रदेशात १९७२ ते २००२ या काळात चाललेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाने सरकारी उच्च प्राथमिक शाळांतही प्रयोगाधारित विज्ञान शिकविता येते, हे दाखवून दिले होते.

कक्षेच्या सर्व गणितांसाठी पृथ्वीची त्रिज्या आवश्यक असते. ती पुस्तकातून घेण्याऐवजी मोजता येते. दिल्ली आणि बंगळुरू ही शहरे जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत. दोन्ही ठिकाणच्या शाळांनी एकाच दिवशी मध्यान्ही उभ्या काठीची सर्वांत आखूड सावली मोजली, तर सूर्यकिरणांच्या कोनांत सुमारे १५.६ अंशांचा फरक मिळतो. या शहरांमधील उत्तर-दक्षिण अंतर सुमारे १,७४० किलोमीटर आहे. त्रैराशिक मांडल्यास पृथ्वीचा परीघ सुमारे ४० हजार किलोमीटर येतो. इ.स.पूर्व तिसऱ्या शतकात एराटोस्थेनिस याने हीच पद्धत वापरली होती. यासाठी काठी, मोजपट्टी, ओळंबा आणि दुसऱ्या शाळेशी दूरध्वनीवर संपर्क एवढेच साहित्य लागते.

पहाटे किंवा सायंकाळी आकाशातून जाणारे अंतराळ स्थानक साध्या डोळ्यांनी दिसते. ते दिसण्याच्या वेळा आधी उपलब्ध असतात. ते कोणत्या दिशेने उगवले आणि किती मिनिटांत मावळले, याची नोंद विद्यार्थी ठेवू शकतात. ते आकाशाच्या मध्येच एकाएकी दिसेनासे झाले, तर ते पृथ्वीच्या सावलीत शिरले आहे, हे समजावून देता येते. फुगा आणि दोरा वापरून न्यूटनचा तिसरा नियम, तर पाण्याच्या बाटलीच्या अग्निबाणावरून दाब आणि संवेग यांचा अभ्यास होतो. असा अग्निबाण मोकळ्या मैदानात, शिक्षकांच्या देखरेखीखाली आणि सर्वांना पुरेसे दूर उभे करूनच उडवावा.

इंटरनेट उपलब्ध असल्यास इस्रोने २००९ मध्ये सुरू केलेल्या ‘भुवन’ या संकेतस्थळावरून आपल्या परिसराची उपग्रह चित्रे पाहता येतात. जवळच्या धरणाचे क्षेत्रफळ उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर मोजून त्याची तुलना करणे हा विज्ञान, गणित आणि भूगोल या तिन्ही विषयांचा संयुक्त पाठ होऊ शकतो.

या प्रत्येक कृतीत क्रम महत्त्वाचा आहे. आधी विद्यार्थ्यांनी अंदाज वहीत लिहावा, नंतर मोजमाप करावे, त्यानंतर गणित मांडावे आणि शेवटी उत्तर प्रसिद्ध झालेल्या आकड्यांशी ताडून पाहावे. उत्तर जुळले नाही, तर त्याचे कारण शोधण्यासाठी स्वतंत्र वेळ राखून ठेवावा. मूल्यमापनातही तारखा विचारण्याऐवजी दिलेल्या नोंदींवरून निष्कर्ष काढण्याचे प्रश्न असावेत, अन्यथा कृती बाजूला पडून पाठांतरच उरते.

पुढील दिशा

भारताने २०३५ पर्यंत स्वतःचे अंतराळ स्थानक उभारण्याचे आणि २०४० पर्यंत भारतीय अंतराळवीर चंद्रावर पाठविण्याचे उद्दिष्ट जाहीर केले आहे. २०२५ मध्ये नववीत शिकणारा विद्यार्थी २०३५ मध्ये साधारणतः २४ वर्षांचा असेल. या मोहिमांसाठी लागणारे अभियंते, शास्त्रज्ञ आणि तंत्रज्ञ आज माध्यमिक शाळांत शिकत आहेत. त्यांतील बहुसंख्य विद्यार्थी अवकाश क्षेत्रात जाणार नाहीत. तथापि आकडे तपासून पाहण्याची, चुकीचे कारण शोधण्याची आणि पुराव्यावर विश्वास ठेवण्याची सवय त्यांना शेती, आरोग्य, उद्योग किंवा अन्य कोणत्याही क्षेत्रात उपयोगी पडेल. त्यासाठी राष्ट्रीय अवकाश दिनी भाषणे आणि चित्रफितींच्या जोडीला प्रत्येक शाळेत किमान एक मोजमाप आणि एक गणित विद्यार्थ्यांकडून करून घेणे, ही सहज शक्य असलेली सुरुवात आहे.